मोइराबाईंचा निळा डबा

१

अंगठी नव्हती.

नीलने डबा खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, उलटा केला आणि बुडावर दोन थापा मारल्या. ओट्यावर चार कण पडले. आणखी थापा मारल्या तर तेही पडेनात. झाकणावर झिपऱ्या कपाळावर आलेली स्कॉटिश गाय असलेला तो निळा पत्र्याचा डबा काल रात्री त्याने ठेवला होता तिथेच, उंच कपाटाच्या माथ्यावर, त्याच कोपऱ्यात होता. फक्त तळाचा कागद नव्हता आणि कागदाखालची अंगठी नव्हती.

शनिवारची दुपार होती. ग्लासगोत जूनचं ऊन पडलं होतं, आणि तिथे ऊन पडलं की लोक ते फुकट घालवत नाहीत. समोरच्या हिरवळीवर अर्धी गल्ली उघड्या पाठीने पालथी पडली होती. चार वाजता बोटॅनिक गार्डनच्या काचघरात नील तनूला लग्नाचं विचारणार होता. बर्मिंगहॅमच्या सराफी गल्ल्यांत कित्येक शनिवार घालवून त्याने ती अंगठी निवडली होती. भाषणही पाठ केलं होतं, तेही मराठीत, कारण लेस्टरमध्ये वाढलेल्या तनूला मराठी निम्मंच समजलं तरी पूर्ण आवडायचं.

"नील, चल रे! भुकेने मेलो!" जिन्यातून त्याचा मित्र वरद ओरडला.

हाकेपाठोपाठ आत आली ती आसावरी मावशी. नीलच्या आईची थोरली बहीण, लेस्टरच्या हॉस्पिटलातून भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेली, अडुसष्ट वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली आणि म्हणून, असं तिचं म्हणणं, अजून गुडघे शाबूत असलेली. ती विसरलेली छत्री घ्यायला आली होती.

"काय हरवलं?" तिने विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

"नील, मी जन्मभर माणसांच्या तोंडाकडे बघत बसले. तुझं ब्लडप्रेशर मी मशीन न लावता सांगेन. बोल."

नीलने सगळं सांगून टाकलं. तनूला त्याच्या बॅगेत चार्जर शोधायची सवय, म्हणून बॅगेत अंगठी ठेवता येईना. डबीसकट खिशात ठेवावी तर खिसा फुगतो. मग काल रात्री सगळे झोपायला गेल्यावर त्याने हा रिकामा डबा पाहिला, त्यातल्या कागदाचा एक कोपरा फाडला, त्यात अंगठी गुंडाळली आणि पुडी कागदाखाली सरकवली.

"डब्यात? अंगठी डब्यात?"

"आई नाही का तूरडाळीच्या डब्यात पाटल्या ठेवत?"

"तुझ्या आईच्या तूरडाळीला दुसरं कोणी हात लावत नाही, गाढवा. इथे पाच माणसं आहेत आणि पाचही खादाड."

मावशीने चष्मा लावला, ओट्यावरचे कण बोटाच्या टोकावर घेतले आणि चक्क जिभेवर ठेवले. मग डब्याच्या तळाकडे बघत राहिली.

"एक सांग. चोराने अंगठी नेली, समजलं. पण तुपकट कागद कशाला नेला?"

२

हा डबा आला कुठून, ते सांगायला हवं. काल, शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी ग्लासगोच्या वेस्ट एंडमधल्या एका जुन्या दगडी इमारतीत, वीकेंडपुरत्या भाड्याने घेतलेल्या फ्लॅटवर पोचली. नील आणि तनू, मावशी, आणि स्टॅनमोरहून आलेलं जोडपं, वरद आणि वैभवी. फ्लॅटची मालकीण मोइराबाई तळमजल्यावर राहायची. पाहुणे आले तसा तिने हा डबा वर आणून दिला, घरी केलेल्या टॅबलेटने भरलेला. टॅबलेट म्हणजे औषधाची गोळी नव्हे. दूध, लोणी आणि साखर आटवून केलेली वडी, आपल्या बर्फीची दूरची आणि जास्तच गोड बहीण. पाच जणांनी ती चहाबरोबर उडवली.

मोइराबाई आली तेव्हा नील गाडीला जागा शोधत गल्लीबोळांतून घिरट्या घालत होता. नंतर वैभवीने त्याला वृत्तान्त दिला तो असा: उद्या बाईंचा सत्तरावा वाढदिवस आहे, बोलिंग क्लबात नाच आहे, आपल्याला बोलावलंय. "आणि ते कापडात बांधून उकडतात ते पुडिंग करणार आहे, त्यात कसल्याशा नशिबाच्या वस्तू घालतात म्हणे. निम्मं कळलं नाही मला, पण फार गोड आहे बाई."

आता जिना उतरताना नील मनातल्या मनात एकेकाला तपासत होता. वरदला अंगठीचं माहीत होतं, आणि वरद म्हणजे नंबरी खोडकर. एकदा त्याने विमानतळावर निघायच्या दिवशी नीलचा पासपोर्ट फ्रीजरमध्ये ठेवला होता. वैभवीला दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर आधी फडकं सापडतं. तिने एकदा पेल्यातलं पाणी ओतलं, त्यात वरदच्या कॉन्टॅक्ट लेन्स होत्या.

आणि तनू. कालपासून तनू तनूसारखी वागत नव्हती. फोन पालथा ठेवायची. रात्री झोपायला जाताना म्हणाली होती, "नील, उद्या थोडं बोलायचं आहे." तिला पुडी सापडली असेल तर? आणि नकार द्यायला जीभ रेटेना म्हणून तिने ती गुपचूप उचलून ठेवली असेल तर? अंगठी गेली तर दुसरी घेता येते. तनूने ती घेतली असेल, तर मात्र त्याला दुसरी नको होती.

"कोणाला काही विचारायचं नाही," मावशी त्याच्या कानाशी म्हणाली. "नाहीतर तुझं गुपित फुटेल. शहर बघायचं, खायचं, प्यायचं. प्रश्न मी विचारीन. एकच."

"कुठला?"

"भूल देण्याआधी विचारतात तोच. शेवटचं काय खाल्लं? माणूस देवाला खोटं सांगेल, नवऱ्याला सांगेल, पण या प्रश्नाला नकळत खरं सांगतो."

३

बायर्स रोडवर शनिवार नुसता उतू जात होता. फळवाला ओरडत होता, एक मुलगा कोपऱ्यावर बॅगपाइप वाजवत होता आणि त्याच्यासमोर एक कुत्रा सुरात रडत होता. वरदने नाकाने माग काढत एक ठिकाण गाठलं आणि सगळ्यांसाठी हॅगिस पकोडे मागवले.

हॅगिस म्हणजे मेंढीच्या आतला ऐवज ओट्स आणि मिरपुडीत शिजवलेला. पकोडा म्हणजे पकोडा. ग्लासगोवाल्यांनी या दोघांचं लग्न लावून दिलंय आणि संसार उत्तम चाललाय. मावशीने स्वतःसाठी डाळी-बियांचं शाकाहारी हॅगिस मागवलं, पहिला घास घेतला आणि ताटली स्वतःकडे ओढली, म्हणजे आवडलं.

"वरद, याआधी शेवटचं काय खाल्लंस रे?" तिने सहज विचारलं.

"मी? सकाळी ओटकेक्स, मावशी, ओटची बिस्किटं. जाड, खारट, कोरडी ठाक. पण वर लोणी थापलं की काय लागतात! चार हाणली."

"कोणी आणली होती?"

"टेबलावर प्लेटमध्ये होती. वैभवीने आणली असतील. तुम्ही आंघोळीला गेला होता, हा साहेब नदीकाठी पळायला." वरदने शेवटचा पकोडा उचलला. "चटणी संपली का?"

चटणी मागायला वरद काउंटरवर गेला, तनू आणि वैभवी बाहेर बॅगपाइपवाल्याचा व्हिडिओ काढायला. मावशीने रुमालाला बोटं पुसली.

"हा नाही."

"कशावरून?"

"खोडी काढली की हा दर दोन मिनिटांनी त्या माणसाकडे बघतो, मजा कधी सुरू होते म्हणून. आज त्याने तुझ्याकडे एकदा तरी बघितलं? पकोड्यांवरून नजर हटली नाही त्याची." मग ती हळूच म्हणाली, "डब्यातले कण गोड नव्हते, नील. खारट होते."

४

पुढच्या गल्लीत जुन्या कपड्यांची दुकानं होती. एकात शिरलं की मागच्या दाराने दुसऱ्यात निघायचं, असा तो गोड चक्रव्यूह. वैभवीने साठ वर्षांपूर्वीचा हिरव्या चौकड्यांचा कोट अंगात घातला होता आणि आरशासमोर फिरून बघत होती. कोट तिच्या घोट्यापर्यंत येत होता. वैभवी पाच फुटांचीसुद्धा नव्हती.

"छान दिसतोय ग," मावशी म्हणाली. "शेवटचं काय खाल्लंस? मापात बसायला हवा ना."

"पकोडे. त्याआधी ती ओटकेक्स. वरदने आणली असणार, त्यालाच असलं कोरडं खायचं सुचतं." वैभवीने बटण लावलं. "मावशी, तुमच्या बेसनाच्या लाडवांवर मात्र कोणीतरी हात मारतंय हं. काल डबा काठोकाठ होता. सकाळी ओटा पुसताना बघितलं, तर तळ दिसतोय."

"ओटा पुसलास? वरचं कपाटसुद्धा?"

"कुठे पोचतोय माझा हात! स्टूलही नाही मेल्या घरात. जीव तुटला माझा, वर एवढी धूळ असणार."

नीलला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी विरलं. वैभवीचा हात पोचत नव्हता. वरद नव्हता. मावशी स्वतः वैभवीहून बोटभरच उंच. राहिलं कोण? पाच फूट नऊ इंचांची, बास्केटबॉल खेळलेली तनू.

तो मोकळा श्वास घ्यायला बाहेर आला. रस्त्यापलीकडे तनू एकटी उभी होती. ती दुकान बघत नव्हती. भाड्याच्या घरांच्या एजंटाची काच होती ती, आणि तनू एका खोलीच्या फ्लॅटच्या जाहिरातीचा फोटो काढत होती. नील दिसताच तिने फोन झटकन खिशात टाकला.

"आइसक्रीम खायचा?" ती म्हणाली, जरा जास्तच हसून.

५

चार वाजता ते काचघरात होते. पांढऱ्या लोखंडी कमानींखाली दमट, हिरवा वास भरला होता, आणि नीलपाशी अंगठी नव्हती. त्याने काय विचारायचं आणि कशाच्या जोरावर? तो दोन हातांत दोन आइसक्रीम घेऊन आला, तेव्हा मावशी आणि तनू एका बाकावर बसल्या होत्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती. मध्ये उंच नेच्याची झाडं होती. थांबून ऐकणं वाईट, हे त्याला कळत होतं. तो थांबला.

"शेवटचं काय खाल्लंस ग तनू? पकोड्यांनाही हात लावला नाहीस."

"काही नाही खाल्ला, मावशी. कालपासून भूकच नाही."

"पोटात गोळा?"

"हो." तनूने मान खाली घातली. "नीलला एक गोष्ट सांगायचा आहे. त्याला खूप वाईट वाटेल. कसा सांगू कळत नाही."

नीलच्या एका हातातलं आइसक्रीम मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आलं. त्याला पत्ता नव्हता.

"मग आत्ता नको सांगू," मावशी शांतपणे म्हणाली. "रात्री, जेवल्यावर. रिकाम्या पोटी फक्त ऑपरेशन करतात, निर्णय घेत नाहीत. आई काय म्हणते तुझी?"

तनू हसली. "आई म्हणते, मराठी चुकला तरी चालेल, रीत चुकायचा नाही. मला सगळ्या रीती पाठ आहे. कुंकू, तिळगूळ, डबे, सगळा."

"डबे" ऐकून मावशीने मान वर केली. मग तिने तनूच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

बाहेर पडताना नील म्हणाला, "मावशी, आपण रात्रीची ट्रेन बघू या का? मी एकटा जातो. तुम्ही राहा."

"तू नाचाला येणार आहेस," मावशी म्हणाली. "डोक्यात एक धागा आलाय, दुसरं टोक मिळेना. आणि मोइराबाईला मला एक विचारायचंय. ती सकाळपासून क्लबातच आहे म्हणतात."

६

संध्याकाळचे सात वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता. बोलिंग क्लबाच्या हॉलमध्ये अकॉर्डियन आणि फिडल कडाडत होतं आणि सगळी गल्ली घामाघूम होऊन नाचत होती. स्कॉटिश नाचात एक माणूस ओरडून सांगतो तसं सगळ्यांनी करायचं असतं. त्याचं इंग्रजी वरदला कळत नव्हतं, त्यामुळे वरद दर वेळी उलट्या दिशेने जाऊन नव्या नव्या आजीबाईंवर आदळत होता, आणि आजीबाई खूश होत्या. वैभवी हिरवा कोट घालूनच गिरक्या घेत होती.

मावशी खाण्याच्या टेबलापाशी उभी होती. सॉसेज रोल, सँडविच, चीज. आणि एका काचेच्या ताटलीत बेसनाचे लाडू, प्रत्येकावर एक बेदाणा दाबलेला.

"नील!" तिने एवढ्या जोरात हाक मारली की अकॉर्डियनवाला चुकला. "हे माझे लाडू."

"दिसतंय."

"मग इथे कसे आले?" तिने अलगद लाडू बाजूला केले. खाली तुपकट कागद होता. एक कोपरा फाटलेला.

नीलने तो कोपरा बोटाने चाचपला.

"आता ऐक," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा फुलला. "डबा जागचा हलला नाही असं तू धरून चाललास, तिथेच फसलास. डबा खाली गेला आणि परत वर आला. काल त्यात गोड टॅबलेट होती, आज खारट ओटचे कण. वरद म्हणतो ओटकेक्स वैभवीने आणली, वैभवी म्हणते वरदने. म्हणजे दोघांनीही नाही. ओटकेक्स कोण भाजतं? मोइराबाई. पण दिलेला डबा ती पुन्हा भरून का देईल? कारण तिच्याकडे तो भरून आला. माझे लाडू कमी झाले ते इथे. उंच कपाटावरचा डबा काढून, लाडू भरून, खाली कोणी नेला असेल? आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे ज्याच्या हाडात भिनलंय त्याने. तनू!"

तनू नाचातून धापा टाकत आली.

"सकाळी डबा परत द्यायला तू गेली होतीस?"

"हो. रिकामा कसा देणार? तुमचे लाडू घातली. सॉरी, विचारली नाही. मोइराला मी रीत सांगितली, ती म्हणाली मग मी पण रिकामा नाही देणार, आणि ओटकेक्स भरली. मी ती प्लेटमध्ये काढली आणि डबा परत वर ठेवून दिला, उद्या जाताना देऊ म्हणून." तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झाला?"

नीलला तिला मिठी मारावीशी वाटली. तिने काही लपवलं नव्हतं. अंगठी तिने स्वतःच्या हातांनी, लाडवांखालून, दोन जिने खाली नेली होती आणि तिला गंधही नव्हता. पण मग पुडी कुठे गेली?

मोइराबाई लाल चौकड्यांचा पट्टा छातीवरून घेऊन, कपाळावरचा घाम पुसत आली. तिच्या ग्लासगो इंग्रजीतलं नीलला जे कळलं ते असं:

"पुडी? हो तर, मिळाली! लाडू कागदासकट उचलले तर खाली होती. मी काल सांगितलं होतं ना तुम्हाला, वाढदिवसाच्या डंपलिंगमध्ये, त्या कापडात उकडलेल्या पुडिंगमध्ये, आम्ही असंच कागदात गुंडाळून नाणं, बटण, अंगठी घालतो, तुमच्याकडचं काही घालायचं असेल तर द्या म्हणून? मी चाचपून बघितलं. म्हटलं, बघा, पोरांनी लक्षात ठेवून अंगठी पाठवली! खेळण्यातली असेल, पण मन किती मोठं. टाकली मी पिठात."

"आणि ते डंपलिंग कुठे आहे?" मावशीने विचारलं.

मोइराबाईने हात पसरून हॉल दाखवला. भिंतीलगतच्या बाकांवर बसलेली सगळी गल्ली, मांडीवर ताटली घेऊन, काळं, वाफाळतं, मनुकांनी भरलेलं काहीतरी मन लावून चावत होती.

७

"थांबा!" नील ओरडला. "कोणी गिळू नका!"

संगीत थांबलं. साठ तोंडं अर्ध्या घासावर थबकली. मोइराबाई खुर्चीवर चढली आणि तिने खणखणीत आवाजात जाहीर केलं की वरच्या मजल्यावरच्या पोराची खरी अंगठी यांपैकी कोणाच्या तरी ताटलीत आहे, तेव्हा सगळ्यांनी सावकाश चावा, दातांना जपा आणि कवळी असेल त्यांनी काट्याने शोधा.

हॉल एकदम कामाला लागला. मावशीनेही एक ताटली उचलली आणि सावकाश चावायला लागली. एकाला नाणं मिळालं. वरदच्या घासात बटण आलं, ते मिळालं की माणूस जन्मभर अविवाहित राहतो म्हणे. वैभवी म्हणाली, आता उपयोग नाही.

आणि या सगळ्या गोंधळाच्या मधोमध तनू नीलकडे बघत होती.

"कसली अंगठी, नील?"

भाषण पाठ होतं. त्यातला एकही शब्द आठवेना. समोर ती उभी होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, एका बुटाची नाडी सुटलेली. आता अंगठीची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

"तुझी," तो म्हणाला. "आत्ता माझ्या हातात काहीच नाही. पण विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

तनूचे डोळे भरून आले. "आधी माझा ऐक. मला ग्लासगोत जॉब मिळाली. हॉस्पिटलात, तीन वर्षांची ट्रेनिंग, ऑगस्टपासून. मला पाहिजे आहे ती. म्हणून मी म्हटला, इथे फिरू या, तुला शहर आवडतो का बघू. आणि सांगायची भीती वाटली. तू बर्मिंगहॅममध्ये, मी इथे. तू नाही म्हणशील."

एजंटाची काच, पालथा फोन, न खाल्लेले पकोडे. नीलला दिवसभराचं सगळं एका झटक्यात उमगलं, आणि छातीवरची शिळा उतरावी तसं हलकं वाटलं.

"तनू, मी दिवसभर इथे पोटभर खाल्लं, आणि एका घासाची चव मला कळली नाही, कारण मला वाटलं तू चाललीस. माझं काम कंप्युटरवरचं, तो मी कुठेही उघडू शकतो. तू काढलेल्या फोटोतल्या फ्लॅटला स्वयंपाकघर आहे ना?"

"छोटी आहे."

"मग?"

"हो," तनू म्हणाली. "हो, हो! करतो मी लग्न!"

"करते," वैभवी हुंदका देत म्हणाली.

"करते!"

"आई ग!" हे मात्र मावशीचं होतं. तिने गाल धरला होता. तोंडातून तिने कागदाची एक ओलीचिंब पुडी काढली, उलगडली, आणि मनुकेच्या पाकात बरबटलेला हिरा ट्यूबलाइटखाली चमकला.

हॉलने जी आरोळी ठोकली ती नदीपलीकडे गेली असेल. अंगठी जिला मिळते तिचं वर्षाच्या आत लग्न होतं, असा तिथला नियम. लाल घागऱ्यातला, म्हणजे किल्टमधला, एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ लगेच उठला आणि त्याने मावशीपुढे वाकून नाचासाठी हात केला.

"जरा थांबा हो," मावशी त्याला मराठीत म्हणाली. तिने पदराच्या टोकाने अंगठी पुसली, तनूचा हात घेतला आणि नीलच्या तळव्यावर अंगठी ठेवली. "अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्या नशिबात आली आणि तीही तुम्हाला देतेय. घाल लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

नीलने अंगठी घातली. मावशीने मग त्या मिशांच्या गृहस्थाचा हात धरला, आणि ती शेवटच्या गाण्यापर्यंत खाली बसली नाही.

८

रविवारी निघताना डबा ओट्यावर होता. मावशीने उरलेले लाडू त्यात भरले. नीलने एकदा झाकण लावलं, पुन्हा काढलं, नवा कागद उचलून खाली बघितलं, आणि मग खात्रीने लावलं. तनू हसत हसत भिंतीला टेकली.

दोघं मिळून खाली गेली. दार वाजवलं. मोइराबाईने डबा घेतला, त्यांच्यासमोरच उघडला, आणि लाडवाला हात लावण्याआधी कागदाची कड वर करून खाली डोकावली.

"आज काही नाही?" तिने जरा हिरमुसून विचारलं.

"ऑगस्टमध्ये, आम्ही इथे राहायला येऊ तेव्हा," तनू म्हणाली.

"मग थांबा," मोइराबाई म्हणाली, आणि डबा रिकामा करून परत भरायला आत गेली.